चार नंबरची हजेरी

नम्रताने चार नंबरच्या कॉम्प्युटरवर स्वतःचं नाव टाकलं, खाली पासवर्ड टाकला आणि पडदा मुकाट्याने उघडला. तिने तो बंद करून पुन्हा उघडला. तिसऱ्या वेळी तर मुद्दाम एकाच बोटाने, अडखळत अक्षरं दाबली. तरीही उघडला.

"बघ, तू आलीस की कसा शहाण्यासारखा वागतो," सुनीती मॅडम पाठीमागून म्हणाल्या. "डॉक्टर दिसला की पोराचा ताप उतरतो, तसं."

"झपाटलाय त्यो," दारातून पोपट म्हणाला. "ताई, नारळ फोडू का?"

"तुझं डोकं फोड," नम्रता म्हणाली. "नारळ केवढ्याला झालाय, ठाऊक आहे?"

पोपट हसला आणि पाण्याची कळशी घेऊन बाहेर गेला. तो या कार्यालयाचा शिपाई. सुनीती मॅडम कार्यालय प्रमुख. शिक्षण संस्थेच्या तालुक्यातल्या सगळ्या शाळांची कागदपत्रं खालापुरातल्या या तीन खोल्यांतून जात, आणि ज्या कॉम्प्युटरवर ती तयार होत, त्यांची देखभाल नम्रताकडे होती. दहिवलीत तिचं छोटंसं दुकान होतं. बहुतेक कामं ती तिथूनच करी. अगदीच अडलं तर स्कूटर काढून यायची.

या वेळी अडलं होतं ते असं. सगळे कॉम्प्युटर वायरीने एका सर्व्हरला जोडलेले होते. आधी सकाळी कुठलाही कॉम्प्युटर सुरू केला, की पडद्यावर सगळ्या कर्मचाऱ्यांचे फोटो आणि नावं ओळीने दिसत. आपल्या फोटोवर जायचं, चार आकडे दाबायचे आणि कामाला लागायचं. पण दाखले न्यायला खिडकीशी येणाऱ्या लोकांनाही ती नावं दिसत. हे बरं नव्हे, असं संस्थेचं पत्र आलं. नम्रताने दुकानात बसूनच सर्व्हरवरची एक खूण बदलली, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्या पडद्यांवरचे फोटो गेले. उरल्या दोन रिकाम्या चौकटी. एकीत नाव लिहायचं, दुसरीत पासवर्ड.

सगळ्यांनी दोन दिवस कुरकुर केली आणि सवय करून घेतली. चार नंबरवर मात्र रोज सकाळी कुणीतरी भलत्याच नावांनी आत शिरायला बघत होतं. नावं कोणती, ते सर्व्हर सांगत नव्हता. या नावाचं इथे कुणी नाही, एवढंच सांगून तो मॅडमच्या पडद्यावर तांबडी सूचना धाडायचा.

"बाहेरचं कुणी असेल का गं?" मॅडमनी आवाज खाली आणला. "दहावीचे अर्ज त्याच मशीनवर भरले जातात. मुलांची नावं, आयांची नावं, जन्मतारखा. शुक्रवारी बोर्डाकडे जायचंय सगळं. नाव चुकलं तर पोर परीक्षेला मुकायचं."

"चार नंबरवर गुरुजीच बसतात ना?"

"तेच. ते असताना कोण हात लावणार? पण विचारलं तर नीट उत्तर देत नाहीत हल्ली. रुसलेत माझ्यावर."

अप्पा कर्णिकांना कार्यालयात सगळे अप्पा म्हणत. नम्रता गुरुजी म्हणायची. संस्थेच्या पळसदरीजवळच्या शाळेत चौथीपर्यंत ती त्यांच्याच हाताखाली शिकली होती. निवृत्त झाल्यावर संस्थेने त्यांना सोडलं नाही. मुलाचं नाव एकदा ऐकलं की ते विसरत नाहीत, त्याच्या आईचं नाव काय आणि ते कसं लिहायचं तेही सांगतात, म्हणून दहावीचे अर्ज तपासायला त्यांना इथे आणून बसवलं होतं.

कर्जतहून येणारी एसटी नाक्यावर थांबल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पोपट त्यांची पिशवी घेऊन आत आला आणि त्याच्या मागोमाग अप्पा. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात छत्री. बाहेर कार्तिकाचं लख्ख ऊन होतं आणि आभाळात ढगाचा मागमूस नव्हता. त्यांनी छत्री दारात झटकली आणि कोपऱ्यात उभी केली.

नम्रता खुर्चीतून उठली.

"बसा, बसा मॅडम," ते म्हणाले. "तुमचं चालू द्या."

ती कसनुसं हसली. दोन वर्षांपूर्वी इथे पहिल्यांदा भेटले, तेव्हा तिने वाकून नमस्कार करायच्या आत त्यांनी विचारलं होतं, "काय गं नमे, बावीस चोक?" अठ्ठ्याऐंशी म्हटल्याशिवाय पायाला हात लावू दिला नव्हता. मग दर खेपेला एक पाढा ठरलेलाच. पावसाळ्याच्या सुमाराला ते बंद झालं आणि "मॅडम" सुरू झालं. आपण आता त्यांच्या लेखी मोठ्या झालो, असं तिने मनाला सांगितलं होतं. तरी घरी जाताना ते काट्यासारखं सलायचं.

"माझं झालंय, गुरुजी. तुम्ही बसा. मी मागे आहे."

अप्पा बसले. चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. शेजारी अर्जांचा गठ्ठा होता, तो त्यांनी हळूच बाजूला सरकवला. मग घसा खाकरून समोरच्या पडद्याकडे असं पाहिलं, की मागच्या स्टुलावर बसलेल्या नम्रताची पाठ आपोआप ताठ झाली. वर्ग गप्प करायची त्यांची ही रीत होती. ते कधी ओरडत नसत.

त्यांनी एका बोटाने अक्षरं शोधून नावाच्या चौकटीत एक नाव लिहिलं आणि बटण दाबलं. नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे, असं पडद्यावर उमटलं. त्यांनी मान हलवली आणि दुसरं लिहिलं. पुन्हा तेच.

नम्रता पुढे झुकली. पहिलं नाव नीट दिसलं नव्हतं. दुसरं होतं विपुल. तिसरं त्यांनी लिहिताना पुटपुटत म्हटलं, "वाघ्या."

या कार्यालयात विपुल कुणी नव्हता. वाघ्या तर नव्हताच.

"चुकीचा नाही रे," अप्पा पडद्याला समजावत होते, पाटी चुकलेल्या पोराला समजावावं तसं. "समोर बसलाय की. बघ जरा."

मग संतोष. तोवर पहिलं नाव कोणतं असणार, ते तिला कळून चुकलं होतं. धाऊ. तिच्या शाळेतल्या वर्गात हजेरीचा पहिला आवाज धाऊचा. खर्जातला, उगाच मोठ्या माणसासारखा केलेला. दूध घेऊन जाणारा त्याचा टेंपो मागच्या वर्षी घाटाच्या पायथ्याशी उलटला, त्यात तो गेला. तिला धाऊच्या घरी जायचं होतं, पण जाणं झालं नव्हतं.

मुलगे संपले. अप्पांनी क्षणभर बोटं मोडली आणि मुलींकडे वळले. हर्षला.

नम्रताने गुडघ्यावरचा हात घट्ट केला. हर्षलानंतर ती. चार वर्षं, न चुकता, हर्षलानंतर ती. तिचा श्वास छातीत तयार होऊन राहिला, जसा तेव्हा राहायचा.

अप्पांनी हात कीबोर्डवरून उचलले आणि टेबलावर ठेवले. दाराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग चौकटीत काहीही न लिहिता, ती रिकामीच ठेवून, त्यांनी बटण दाबलं. पडद्याने चुकीचं म्हणून सांगितलं. ते पुढे गेले आणि लिहू लागले, इंदू.

तिचं नाव गेलं होतं. वाघ्या राहिला होता, कधी पाढा न येणारा संतोष राहिला होता. ती गेली होती.

"गुरुजी," तिने विचारलं. "हर्षलानंतर एक नाव राहिलं का?"

अप्पांनी मान वळवली. शाळेत चौकशीला आलेल्या पालकांकडे ते असेच पाहत, घाई नसल्यासारखे.

"राहिलं नाही, मॅडम. जागा सोडलीय. ती पोर ओढ्यापलीकडनं येते. पाणी चढलं की तिला पार पुलापर्यंत जाऊन वळसा घालून यावं लागतं. घरातनं निघते वेळेवर, पण उशीर होतो. तिला गैरहजर कशी मांडू?" त्यांनी पुन्हा दाराकडे पाहिलं. "वाटेत आहे ती. आली की तिच्यासमोर लिहीन."

त्यांच्या वर्गात गैरहजर हा शब्दच नव्हता. नाव पुकारलं आणि उत्तर आलं नाही, तर सगळ्या वर्गाने एका सुरात म्हणायचं, "वाटेत!" मग ती जागा कोरी राहायची. मूल मधल्या सुट्टीत येवो नाहीतर दुसऱ्या दिवशी, ते आल्यावर त्याच्यासमोरच ती भरायची. पावसाळ्यात ओढ्याच्या पुलावरून धावत येताना नम्रता दमून रडकुंडीला यायची, आणि तरी धावायची, कारण तिची जागा कोरी आहे हे तिला माहीत असे.

तिने पुढे वाकून अर्जांचा गठ्ठा हातात घेतला. वरच्या कागदावर धूळ होती. दहावीच्या मुलांची छायाचित्रं लावलेले अर्ज, एकावर एक, जसे आले तसे. एकाही अर्जावर तपासल्याची खूण नव्हती.

तिने तो गठ्ठा उराशी धरला आणि ती बाहेर आली.

पाण्याच्या माठाजवळ बाक होता. सुनीती मॅडम तिची वाटच पाहत होत्या. नम्रताने जे पाहिलं, ते सांगितलं. मधे कुठे थांबली नाही, कारण थांबली असती तर पुढचं बोलता आलं नसतं. मॅडमनी गठ्ठ्यातले चार कागद उलटले आणि त्या बाकावर बसल्या.

"परवा मी म्हटलं, अप्पा, चहा घेता का? तर म्हणाले, आपण कोणाच्या आई?" त्यांनी चष्मा काढून पदराच्या टोकाने पुसला. तो स्वच्छच होता. "मला वाटलं, टोमणा मारतायत. मूल नाही ना मला. दोन दिवस बोलले नाही मी त्यांच्याशी. दोन दिवस!"

पोपट माठात पाणी ओतत होता.

"मला कवापास्नं ठावं हाय," तो म्हणाला.

"आणि तू गप्प बसलास?"

"बोलून काय व्हनार व्हतं, मॅडम? तुमी त्यांना घरी बसवलं असतं. घरी कोन हाय त्यांचं? पोरगा पुन्याला. मी आपला सकाळी यष्टीतनं उतरवून घेतो, सांच्याला बसवून देतो." कळशी रिकामी झाली, तरी तो ती तशीच धरून राहिला. "फोटू व्हते तवा बरं व्हतं. ते आपला फोटू बगायचे, हसायचे, 'हा मी' म्हनायचे. मंग आकडे मी दाबून द्यायचो. फॉर्म बी तपासायचे थोडंथोडं. त्यो फोटू तुमी काढलात, ताई."

तो रागाने बोलला नव्हता. नम्रताने आपल्या बोटांकडे पाहिलं.

"तिने सांगितलं ते केलं, पोपट," मॅडम म्हणाल्या. मग उठल्या, अर्ज घेतले. "हे आजपासून माझ्या टेबलावर. शुक्रवारपर्यंत रात्रीचा दिवस करीन, पण एकाही पोराचं नाव चुकू देणार नाही. अनुपमला पुण्याला मीच फोन करते. मुलाला कळायला हवं, डॉक्टरही हवा. संस्थेला कळवावं लागेल." त्या पोपटकडे वळल्या. "अप्पांची खुर्ची हलवा म्हणून कुणी आलं, तर त्याला माझ्याकडे पाठव. नम्रता, फोटो परत लावता येईल का गं, एवढ्या चार नंबरवर?"

"येईल. आत्ता लावून देते म्हटलं तरी येईल." नम्रताने दारातून आत पाहिलं. अप्पा हात टेबलावर ठेवून बसले होते, छत्रीच्या बाजूला, शांत. "पण ते आता स्वतःला शोधत नाहीयेत, मॅडम."

तिने संध्याकाळपर्यंतचा वेळ मागून घेतला. पोपटने अप्पांना चहाला नेलं आणि मग बाहेर बाकावरच बसवून ठेवलं, तेव्हा ती टेबलाखाली शिरली आणि चार नंबरची नेटवर्कची वायर काढून तिचं वेटोळं करून खिळ्याला अडकवलं. आता या यंत्राचा सर्व्हरशी संबंध उरला नाही. इथे कुणी काहीही लिहिलं, तरी ना मॅडमच्या पडद्यावर तांबडं दिसणार, ना कुठल्या मुलाचं नाव बिघडणार.

मग ती खुर्चीवर बसली. एखाद्या नावाने कॉम्प्युटरमध्ये जाता यायला हवं असेल, तर त्या नावाचं खातं आधी उघडावं लागतं. तिने विपुलचं उघडलं, वाघ्याचं उघडलं, संतोषचं उघडलं. कुणालाच पासवर्ड ठेवला नाही. नाव लिहिलं, की पडद्यावर "स्वागत" असं यावं आणि क्षणभराने नावाची चौकट पुन्हा रिकामी व्हावी, पुढच्यासाठी, अशी तिने सगळी जुळणी केली. हर्षला. इंदू. आता आठवत नाहीत असं वाटलेली नावं बोटांखालून आपोआप येत गेली, त्याच क्रमाने. धाऊपाशी मात्र ती थांबली. मग त्याचंही खातं तिने उघडलं, आणि ते करताना मनातल्या मनात त्याचा तो खर्जातला आवाज तिला ऐकू आला.

शेवटी तिने स्वतःचं उघडलं.

एक काम राहिलं. हर्षलानंतरची कोरी चौकट. तिथे "चुकीचं" म्हणून येऊ नये, म्हणून तिने परोपरीने प्रयत्न केला. पण रिकाम्या नावाचं खातं कुठलंही यंत्र उघडू देत नाही. आधी नाव द्या, असं ते सांगत राहिलं. संध्याकाळ होत आली, तेव्हा तिने हात टेकले.

दुसऱ्या दिवशी एसटी वेळेवर आली. अप्पांनी कोरडी छत्री दारात झटकली, कोपऱ्यात ठेवली आणि ते जागेवर बसले. नम्रता मागच्या स्टुलावर होती. तिला पाहून ते ओळख नसल्यासारखं, सौजन्यापुरतं हसले. पलीकडच्या टेबलावर सुनीती मॅडम अर्जांत डोकं घालून बसल्या होत्या, पण पान काही उलटत नव्हत्या.

अप्पांनी घसा खाकरला. धाऊ, त्यांनी लिहिलं.

स्वागत, पडद्याने म्हटलं.

अप्पा थबकले. चष्मा वर करून त्यांनी पुन्हा वाचलं. तेवढ्यात चौकट रिकामी झाली. त्यांनी विपुल लिहिलं. स्वागत. वाघ्या. स्वागत. त्यांचे खांदे हळूहळू सैल झाले. प्रत्येक नावानंतर ते समोरच्या भिंतीकडे पाहून किंचित मान हलवत होते. संतोषला तर म्हणाले, "आज वेळेवर, काय रे?"

पोपट दारात उभा होता. त्याने तोंड फिरवलं.

हर्षला. स्वागत.

अप्पांनी हात उचलले आणि टेबलावर ठेवले. त्यांनी दाराकडे पाहिलं. पोपट बाजूला झाला. दारात आता नुसतं ऊन होतं. ते थांबले, थांबले, आणि मग त्यांचा उजवा हात सावकाश बटणाकडे जाऊ लागला.

नम्रता उठली. आवाज न करता भिंतीच्या कडेने बाहेर गेली. व्हरांड्यात तिने चपला काढल्या आणि उंबऱ्याशी येऊन उभी राहिली.

"आत येऊ का, गुरुजी?"

हात बटणावर पोचता पोचता थांबला. अप्पांनी वळून पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, आधी पायांकडे पाहिलं. तिच्या पायांना रस्त्याची धूळ होती.

"ओढ्याला पाणी होतं?"

सकाळी येताना तिने ओढा पाहिला होता. पुलाखाली नुसते दगड होते, आणि दगडांवर शेळ्या.

"होतं, गुरुजी."

"किती?"

तिने कमरेला हात लावून दाखवला.

"मग कपडे कसे कोरडे?" त्यांनी विचारलं. खोटं बोलणारं पोर त्यांना लगेच कळायचं.

"पुलावरनं आले. धावत."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, नीट, बराच वेळ. तिला वाटलं, आता नाव घेतील. आता बावीस चोक विचारतील. त्यांनी तसं काही केलं नाही.

"धावायचं नाही," ते म्हणाले. "तुझी जागा कुठे जात नाही. बस."

ती येऊन स्टुलावर बसली. अप्पा पडद्याकडे वळले, चौकटीवर एकदा बोट फिरवलं, आणि खाली वाकून तिच्या नावाचं पहिलं अक्षर शोधू लागले. बोट या ओळीतून त्या ओळीत गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. ते अक्षर कुठे आहे, हे नम्रताला दिसत होतं. ती हाताची घडी घालून बसून राहिली.